दुकान निघालं रुळांकडे

रेल्वेचे रूळ गावाला वळसा घालून कोसभर पलीकडून गेले, तेव्हा अमेरिकेतल्या डकोटाच्या माळावरची माणसं कपाळाला हात लावून बसली नाहीत. त्यांनी घरांखाली ओंडके सारले, बैल जुंपले आणि गावच रुळांकडे चालवलं.

टोरबोर्गचं किराणा दुकानही निघालं. स्टेशनसमोरचा कोपरा तिला मिळणार होता, पण पहिल्या गाडीआधी दुकान तिथं उभं राहिलं तरच. नाहीतर तो दुसऱ्या दुकानदाराच्या, पिकेटच्या घशात. लबाडानं आपलं दुकान केव्हाच जवळ नेऊन ठेवलं होतं.

टोरबोर्गनं मात्र वाटेतही चूल विझवली नव्हती. नवऱ्यानं पेटवलेली ती लोखंडी चूल तो गेल्यावरही तिनं धगधगती ठेवली होती. आलेल्या माणसाला आधी ऊब, मग सौदा.

ओढ्याच्या चिखलात दुकान रुतलं. बैलांनी गुडघे टेकले. काठावरून पिकेट ओरडला, “तिथंच थाटा की बाई! बेडकांना मीठ विका!”

“विकेन! तुझ्यासारखं मापात पाप करून नव्हे!”

ओझं उतरवावं म्हणून तिनं दार उघडलं आणि बघतच राहिली. चुलीभोवती म्हातारा हालवोर आणि त्याचे सोबती नेहमीसारखे पाय ताणून, बिस्किटांच्या पिपात हात घालून बसले होते!

“हालवोरकाका! बैलांच्या जिवावर उठलात का?”

“अगं, रोज इथंच बसतो ना आम्ही. दुकान हललं म्हणून आम्ही का हलायचं?”

आजवर तिनं त्या चुलीपासून कुणाला उठवलं नव्हतं. पण आता इलाज नव्हता.

“उठा. चूलही उतरवायचीय. निखारे ओढ्यात ओता.”

“विझवणार? तुझ्या नवऱ्यानं पेटवलेली?”

“दुकानच राहिलं नाही, तर ऊब कुणाला देऊ?” निखारे तिनं स्वतः बादलीत काढले आणि बादली हालवोरच्या हाती दिली.

म्हाताऱ्यांनी हाताला गोणपाट गुंडाळून चूल काठावर नेली आणि परत येऊन दुकानाला मागून रेटा दिला. करकरत दुकान चिखलातून सुटलं.

गाडीची शिट्टी वाजली, तेव्हा दुकान कोपऱ्यावर होतं. पिकेट तोंड पाडून निघून गेला. चूल आत बसेपर्यंत गाडीतून उतरलेली माणसं काकडत दारात जमली. टोरबोर्गनं थंडगार चुलीचं दार उघडलं.

हालवोर सगळ्यांत शेवटी पोचला. अंगावर कोट नव्हता. कोटानं झाकलेली बादली त्यानं तिच्यासमोर ठेवली.

“फुंकर मार पोरी. गिऱ्हाईक गारठलंय.”