मुकादम आणि आणखी पाच

एखाद्या माशाच्या मरणाची वाट बघायची वेळ कोणावर येऊ नये, पण तिच्यावर आली होती. तोही काही मोठा मासा नव्हे. करंगळीच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळी रेघ आणि शेपटीकडे लाल.

मासा बाबांचा होता. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्तीच्या दिवशी वर्कशॉपमधल्या लोकांनी त्यांना घड्याळ द्यायचं सोडून काचेची छोटी टाकी दिली, आत असे दहा मासे. त्यातले नऊ एकेक करून गेले. उरलेल्याला बाबा मुकादम म्हणत, कारण हाताखाली कोणी नसतानाही तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहणी करत फिरायचा.

बाबा तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत आणि त्यांच्याच इमारतीला लिफ्ट नव्हती. यावर ते स्वतःच विनोद करायचे. मग ते न्हाणीघरात दोनदा घसरून पडले आणि विनोद बंद झाले. ती म्हणाली, आता माझ्याकडे राहायला चला. बाबांची ना नव्हती, पण घोडं मुकादमापाशी अडलं. टाकी सोबत नेऊ म्हटलं, तर एकटा मासा जागा बदलली की दचकून मरतो, म्हणे. "त्याला मारून मी यायचो नाही. तो आपल्या पावलांनी गेला, की दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे." माशाला पावलं नसतात हे सांगण्याचंही त्राण तिच्यात नव्हतं.

याला चौदा महिने झाले. मुकादम काही जाईना.

ती तपासणीसाठी रक्त काढायचं काम करायची. सकाळी सहापासून दुपारपर्यंत उभ्यानं चाळीसेक माणसांच्या शिरा शोधायच्या, त्यांना 'दुखणार नाही' म्हणून सांगायचं, मग बस पकडून बाबांकडे. चौपन्न पायऱ्या. बाबांच्या गोळ्या, दोन वेळचा स्वयंपाक, धुणं, आणि आठवड्यातून एकदा टाकीतलं थोडं पाणी बादलीनं बदलायचं. मग दुसरी बस पकडून स्वतःच्या घरी, तिथलं सगळं पहिल्यापासून. पायांचे तुकडे पडायचे. तिच्या घरी मधल्या खोलीत बाबांसाठी पलंग टाकून ठेवलेला होता. त्यावर कोणी झोपत नव्हतं, तरी दर महिन्याला ती चादर बदलायची. नवरा इस्त्रीचे कपडे त्यावर ठेवायचा आणि ती ते उचलायची.

रोज बाबांचं दार उघडलं की तिची नजर आधी टाकीकडे जायची आणि मग बाबांकडे. याची तिला लाज वाटायची. पण लाज वाटायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि दुपारी साडेतीनला तेवढी उरलेली नसायची.

अशात मुकादमानं खाणं सोडलं. पाहणीही बंद केली. फिल्टरच्या मागे कोपऱ्यात तोंड करून तो नुसता थांबून राही, निळी रेघ धुवून विटलेल्या कापडासारखी झालेली. बाबांचाही घास अडायला लागला. शोभेच्या माशांच्या दुकानात जाऊन विचारून ये, असं ते तिच्या मागे लागले.

मासे विकणाऱ्या काकू दुकानातल्या टाक्यांइतक्याच शांत होत्या. त्यांनी तिच्या फोनमधला मुकादमाचा फोटो मोठा करून पाहिला, चष्मा वर केला आणि विचारलं, टाकीत आणखी कितीजण आहेत. कोणी नाही, चौदा महिने हा एकटाच, म्हटल्यावर त्यांनी फोन परत दिला. औषध देणार नाही म्हणाल्या.

"हा आजारी नाही, ताई. एकटा आहे. हा कळपानं राहणारा मासा. चौदा महिने काढले म्हणजे चिवटच म्हणायचा. पण आता पंधरा दिवस, फार तर महिना."

"आणि सोबत दिली तर?"

तर खायला लागेल, काकू म्हणाल्या. एक देऊन चालणार नाही, दोघांत एक दुसऱ्याला पळवून पळवून मारतो. आणखी पाच हवेत, म्हणजे सहा होतील. तिनं शेजारच्या टाकीतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या माशांकडे बोट दाखवलं, तर काकूंनी मान हलवली. ते गुंड, शेपट्या कुरतडतात. याला याच्याच जातीचे द्यायचे. मग पाच वर्षंसुद्धा जगतात हे.

पाच वर्षं. तिनं बघते म्हटलं आणि ती बाहेर पडली.

बसथांब्याच्या बाकावर ती बसली. गणित उघड होतं. काहीच केलं नाही, तर महिन्याभरात बाबा तिच्याकडे. चौपन्न पायऱ्या संपल्या, दुसरी बस संपली. कोणाला काही करायचंही नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. आणि हे पाच मासे घरात आले, की पुढची पाच वर्षं हेच. तेवढी वर्षं आपले गुडघे पुरतील असं तिला वाटत नव्हतं. तिला रडू आलं असतं, पण बाकावर शेजारी दोन माणसं होती.

अडलं ते एका साध्या गोष्टीवर. घरी गेल्या गेल्या बाबा विचारणार होते, काय म्हणाल्या त्या? मग तिला काहीतरी सांगावं लागलं असतं आणि उद्या बाबा तिच्या घरी जेवायला बसले, की त्यांच्या समोर रोज ते सांभाळत बसावं लागलं असतं. थकलेल्या माणसाला खोटं सांभाळणं झेपत नाही. तिनं समोर आलेली बस सोडली आणि ती दुकानात परत गेली.

बाबांनी तिच्या हातातली पाच माशांची पाण्यानं भरलेली पिशवी बघितली आणि खुर्ची टाकीजवळ ओढली. काकूंनी सांगितल्याप्रमाणे तिनं पिशवी न उघडता टाकीच्या पाण्यावर ठेवली, आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं होईपर्यंत. वीस मिनिटं तरी थांबायचं होतं. बाबा खुर्चीत, ती खाली फरशीवर.

"सहा म्हणजे छोट्या लिफ्टची क्षमता," बाबा म्हणाले. ती हसली नाही.

दहाव्या मिनिटाला मुकादम फिल्टरच्या मागून बाहेर आला. थेट वर, पिशवीपाशी. आतले पाच वळले की बाहेरून तोही वळायचा. प्लास्टिकला नाक लावून तो त्यांच्यासोबत इकडून तिकडे फिरत राहिला.

तिला आणखी मनात धरून ठेवणं जमलं नाही. "बाबा, त्या म्हणाल्या हे पाच वर्षं जगतात. तुम्ही जिंकलात. मला खरं तर हा मरायला हवा होता. रोज आले की आधी ते बघायचे."

बाबांनी टाकीच्या काचेवरचा डाग बोटानं पुसला.

"मीही," ते म्हणाले. "उठलो की आधी ते बघायचो, गेला का. तेव्हा तो गेला की येतो म्हणून बसलो, वाटलं आठवड्याभरात आटोपेल. दचकून मरतो वगैरे मीच रचलेलं. मग चौदा महिने झाले, आणि आता कोणत्या तोंडानं सांगू, की मला या पायऱ्या होत नाहीत, घेऊन चल. पण तो उपाशी मरताना बघवेना, म्हणून तुला पाठवलं."

तिनं रागवायला हवं होतं, चौदा महिन्यांच्या दोन दोन बसेसचा हिशोब मागायला हवा होता. ते सगळं करायला उठावं लागलं असतं. तिनं चपला काढल्या आणि भिंतीला पाठ टेकली.

वीस मिनिटं झाल्यावर बाबांनीच पिशवीची गाठ सोडली, थोडं थोडं टाकीचं पाणी आत घातलं आणि जाळीनं एकेकाला टाकीत सोडलं. पाच जण आधी एका कोपऱ्यात गोळा झाले. मग मुकादम त्यांच्यात शिरला आणि सहाही जण एकदम वळले. आता त्यातला मुकादम कोणता, हे दोघांनाही सांगता येईना.

"सहाजण असले की दचकायचे नाहीत," बाबा म्हणाले. मग थांबून त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे त्या पलंगापाशी ऊन येतं का गं?"

त्या पलंगाबद्दल त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं होतं.

"सकाळी येतं थोडं."

"मग टाकी दुसऱ्या भिंतीला ठेवू. उन्हानं शेवाळ धरतं."

तिनं मान डोलावली. या महिन्यात चादर बदलायची राहिली आहे, एवढंच तिला आठवलं.