सत्काराच्या स्टेजला करंट

प्रांजलनं स्टेजच्या लोखंडी रेलिंगला टेस्टर टेकवला आणि टेस्टरमधला दिवा लागला. तिनं टेस्टर ओढणीला पुसला, परत टेकवला. परत लागला.

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला ती जिल्ह्यात पहिली आली होती. तासगावच्या त्या खासगी आयटीआयच्या मैदानात आज तिचाच सत्कार होता. साखर कारखान्याचे चेअरमन भाऊ यांच्या हातून ढाल मिळणार होती, आणि कारखान्यात तिला ॲप्रेंटिस म्हणून घेतल्याचं भाऊ माइकवर सांगणार होते. ते झालं नाही तर उन्हाळ्यात तिचं लग्न, असं जतकडं घरी ठरून बसलं होतं.

करंट कुठून आला हे शोधायला फार डोकं लागलं नाही. डेकोरेशनवाल्यानं रेलिंगला लायटिंगच्या माळा गुंडाळल्या होत्या आणि तारांचे जोड वह्यांच्या कव्हरला लावतो तसल्या चिकटपट्टीनं बांधले होते. धूळ बसावी म्हणून सकाळपासून पाणी मारून स्टेजपुढं चिखल केलेला. आणि वीज? शेजारच्या खांबावर आकडा टाकून घेतलेली. वर्कशॉपमध्ये विजेची गळती झाली की आपोआप पडणारा स्विच होता, पण तिथनं वायर ओढली असती तर मीटर फिरलं असतं. म्हणजे वीज कशी जोडावी हे शिकवणारी संस्था वीज शिकलेल्या पोरीचा सत्कार चोरीच्या विजेवर करत होती. भिंतीवर मात्र 'सुरक्षा प्रथम' रंगवलेलं.

ती लालासाहेब सरांकडं गेली. टेस्टर धरायला तिला त्यांनीच शिकवलेलं. सर कंत्राटी, दर जूनला त्यांची नोकरी राहते की जाते हे प्राचार्य ठरवायचे.

"सर, रेलिंगला करंट हाय."

सर तिच्याकडं न बघता हार सोडवत राहिले. "ते आपलं स्वस्तातलं टेस्टर वाऱ्यानंबी पेटत्यात."

"दोनदा बघितलं सर."

"प्रांजल, भाऊ गाडीतनं उतरल्यात. आता कुणी कशाला हात लावायचा न्हाई, असं प्राचार्यांनी बजावलंय. तुझ्या पायात बूट हायत. जा, ढाल घे, खाली ये." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मला दोन पोरं हायत गं."

तिला कळलं. सरांनाही ठाऊक होतं. मग तर ती जास्तच घाबरली.

कार्यक्रम सुरू झाला. आधी फिटर ट्रेडचा अतिशय नावाचा पोरगा वर गेला. त्याची आई चंदनबाला त्याच्यामागं, पायात जाड रबरी सँडल, हात रेलिंगवरून सरकवत. काही झालं नाही. चुकलं असेल आपलंच, प्रांजल मनात म्हणाली. चुकलेलंच असू दे.

मग तिचं नाव पुकारलं. पालकांनीही वर यावं, असं प्राचार्य म्हणाले. माणसांच्या गर्दीतून तिचा बाप बिराप्पा उठला. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, आज इस्त्रीचा सदरा घालून आला होता. फेटा सावरत तो पायरीशी आला, वर सरस्वतीचा फोटो बघून थांबला, आणि वाकून पायातल्या वहाणा काढायला लागला.

प्रांजल पुढं सरकली. सगळ्यांचे बूट बघितले, सँडल बघितल्या, आणि देवापुढं पायताण घालून न जाणारा आपला बापच ध्यानात आला नाही.

"आबा, वहाणा काढू नगा."

स्पीकरवर सनई चालली होती. बिराप्पानं चिखलात उघडा पाय ठेवला.

ती स्टेजमागं पळाली. बोर्डाशी डेकोरेशनवाल्याचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. "ए बाई, बक्षीस तिकडं मिळतंय." त्याच्या खांद्यावरून हात घालून तिनं मेन खाली ओढला, फ्यूज उपसून मुठीत धरला, आणि धापा टाकत पुढं आली.

बिराप्पा उभा होता. हात रेलिंगपासून वीतभर लांब.

"रेलिंगला करंट हाय," ती म्हणाली. सनई बंद पडली होती, त्यामुळं शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं.

भाऊंनी रेलिंगवर थाप मारली. "कुठाय? मला तरी घावंना." लोक हसले.

"पोरगी बावरलीय भाऊ," प्राचार्य म्हणाले. "चालू करा रे तो मेन."

मेन पाडल्यावर करंट दाखवणार कसा? ढाल गेली, नोकरी गेली, हे तिला लख्ख दिसत होतं. "मीच करते चालू," ती म्हणाली. "प्राचार्य सरांनी बूट काढून हितं चिखलात उभं राहावं आणि रेलिंग धरावं. मग लावते फ्यूज."

हसणं थांबलं. प्राचार्य आपल्या बुटांकडं बघत राहिले. भाऊंनी रेलिंगवरचा हात काढून खिशात घातला.

"मी धरतो," बिराप्पा म्हणाला. "एवढ्या लोकांत माझ्या पोरीला खोटं पाडत्यात व्हय? लाव गं तू." आणि त्यानं दोन्ही हातांनी रेलिंग आवळून धरलं.

"आबा, न्हाई. सोडा ते."

तेवढ्यात तिला स्टेजमागून आवाज आला. "फ्यूज नसला म्हणून काय अडलंय? तारंचा तुकडा घालतो की." प्राचार्यांचा हुकूम बोर्डाजवळच्या त्या माणसानं ऐकला होता, पुढं काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं. ती वळली, पण चिखलात तिचा पाय घसरला. ती गुडघ्यांवर पडली. ओरडायला गेली, तर आवाजच फुटेना.

कुणीतरी तिच्या अंगावरून उडी टाकून मागं धावलं.

"थांब रं भाड्या. मरंल तो माणूस." लालासाहेब सर होते. खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मग सर त्या माणसाचं मनगट धरून त्याला ओढतच पुढं घेऊन आले, मुठीत तार तशीच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते प्राचार्यांकडं बघत नव्हते.

"करंट हाय," ते म्हणाले. "मी सकाळीच बघितला होता. बिराप्पा, हात काढा."

बिराप्पानं हात काढले. दोन्ही. प्रांजलला ते समोर दिसत होतं, तरी ती चिखलात बसून "आबा, हात काढा, हात काढा" म्हणतच राहिली.