सरांच्या निःपक्षपातीपणाचा किस्सा

आयुष्याच्या शेवटच्या दिवशी सर सकाळपासून खुशीत होते. सूप पाणचट झालं म्हणून बायकोला टोमणा मारून झाला; मग व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंसमोर त्यांनी आपला आवडता किस्सा काढला. लेक बाजूला गोळ्या काढत होती.

विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘हाय टेन्शन’ म्हणत. जवळ गेलं की चटका. विजेच्या उच्च दाबाची प्रयोगशाळा त्यांनी शून्यातून उभी केली, शोधनिबंध जगभर वाचले गेले. पण दबदबा बसला तो पोटच्या पोरीला तोंडी परीक्षेत नापास केल्यामुळे. चालू लाइनवरच्या करंट ट्रान्सफॉर्मरचा मीटर काढायचा तर आधी काय कराल, असा प्रश्न होता. सेकंडरीची दोन टोकं जोडून ती शॉर्ट करीन, असं ती म्हणाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोंड उघडलं आणि सरांकडे बघून मिटलं.

ती पुन्हा परीक्षेला बसली नाही. एका ग्रंथालयात चिकटली. बाबांची चूक झाली असेल, माणूसच आहे, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

बाईंनी भाबडेपणाने विचारलं, मग खरं उत्तर काय होतं?

“तिचंच बरोबर होतं,” सर हसले. “पण पास केलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. नंतर माझ्या मार्कांवर बोट ठेवायची कुणाची छाती झाली नाही.”

लेकीने गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. उद्या बोलू, असं तिने ठरवलं. पहाटे सर झोपेतच गेले.

शोकसभेत विभागप्रमुखांनी तोच किस्सा रंगवून सांगितला. सरांच्या नावाने दरवर्षी निःपक्षपाती परीक्षकाला पारितोषिक द्यायचं, आणि पहिलं मुलीच्या हस्ते, असंही जाहीर केलं. टाळ्या पडल्या. तिला दोन शब्द बोलायला बोलावलं, तेव्हा आईने मनगट धरलं.

“झाकली मूठ राहू दे गं. इतकी वर्षं मी नाही ठेवली?”

म्हणजे आईलाही माहीत होतं. तिने हात सोडवून घेतला आणि माइकपाशी गेली.

“माझं उत्तर बरोबर होतं,” ती म्हणाली. “त्यांना ते तेव्हाच माहीत होतं.” मग ती हार घातलेल्या फोटोकडे वळली. “मला तुमचीच प्रयोगशाळा हवी होती, बाबा.”