साडेबाराच्या चार प्रती

सात मिलिसेकंद.

रात्री आठ वाजता लॅबचा मेन स्विच खाली. हा सासूबाईंचा नियम. तो मोडायला आजवर कोणी धजावलेलं नाही.

दोन दिवसांच्या बाळाचं रक्त टाचेतून घेतात. चार थेंब पुरतात. टाच आधी कोमट कपड्याने शेकायची.

माझ्या नवऱ्याला लॅबचा वास सहन होत नाही. घर लॅबच्या वरच आहे, म्हणून तो रोज जिना नाक दाबून उतरतो.

एक काळी पेटी, जाड पुस्तकाएवढी, कपाटात, उशांच्या अभ्र्यांमागे. तिच्यावर चिकटपट्टी. चिकटपट्टीवर बॉलपेनने: हात लावू नये.

नऊशे चाळीस मिलिसेकंद.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण एकाच वाटीवर चौघं फुंकायला लागले तर ताकाचं काय होतं, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

*

सोमवारी सकाळी ताईने मला जिन्यातच गाठलं. ताई म्हणजे माझी मोठी नणंद. ही लॅब तिच्या आईने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बत्तीस वर्षांपूर्वी सुरू केली. आता ती ताई चालवते. मी दुसरीकडे नोकरी करते, मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळायची. घरचा सर्व्हर बघायला मला आजवर कोणी बोलावलं नव्हतं.

"इंजिनीअरीणबाई, चार दिवस रजा मिळेल का?"

"कशाला?"

"खालचं यंत्र मरतंय."

ताई कोणाकडे काही मागत नाही. मागावं लागलं तर भिंतीकडे बघून मागते. त्या दिवशी ती माझ्याकडे बघत होती. मी रजा टाकली.

प्रकरण असं होतं. समोरच्या हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांचा वॉर्ड आहे. तिथून रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी रक्ताचे नमुने येतात. कावीळ किती चढलीय ते तासाभरात कळवायचं. त्यावरून बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवायचं की आईजवळ, ते ठरतं. पूर्वी हे नमुने सकाळी नऊला यायचे. गेल्या महिन्यात वॉर्डाने वेळ बदलली आणि तेव्हापासून आमचे रिपोर्ट जायला दीड-दीड, दोन-दोन तास लागू लागले. तपासणी पाच मिनिटांत व्हायची. पण आकडा सर्व्हरवर चढायचा नाही, पडदा गोठायचा, छपाई अडायची. आणि छापील रिपोर्टाशिवाय वॉर्ड काही मानत नाही. फोनवर सांगितलेला आकडा एकदा चुकीचा ऐकला गेला होता. चूक दुसऱ्या लॅबची होती, नियम सगळ्यांना लागला.

वॉर्डाच्या हेड सिस्टर शनिवारी स्वतः रस्ता ओलांडून आल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. "गुरुवारपर्यंत बघते," म्हणाल्या. "नाही जमलं तर सोमवारपासून नमुने दुसरीकडे पाठवीन. माझाही नाइलाज आहे."

लॅबचं निम्म्याहून जास्त काम या वॉर्डाचं. ते गेलं की लॅब बंद. हे ताईने सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती.

*

"वहिनी, मी म्हणतो नवीनच घेऊ." हा धाकटा, माझा दीर. रिपोर्ट छापणं, पाठवणं, लोकांची बोलणी खाणं, ही खाती त्याच्याकडे. "हे यंत्र माझ्या लग्नाच्या आधीचं आहे."

"तुझं लग्न कुठे झालंय?"

"म्हणूनच. अजून किती वाट बघायची बिचाऱ्याने."

"नवीन यायला तीन आठवडे लागतात. आपल्याकडे गुरुवार आहे."

"मग काय करणार आहेस?"

"आधी नाडी बघते."

सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नाही. ताईच्या टेबलाशेजारी, हात धुवायच्या बेसिनपासून चार पावलांवर, काचेच्या दाराचं कपाट आणि त्यात तो. मी डिस्कची तब्येत तपासली. खराब झालेली जागा: शून्य. काही मागितलं की डिस्क सात मिलिसेकंदांत आणून देत होती. या वयाच्या डिस्कला सात म्हणजे शाबासकी द्यावी असा आकडा.

"मरत नाहीये," मी ताईला सांगितलं.

"मग नाटक करतंय?"

तेवढ्यात वरून हाक आली. साडेबारा. या घरात साडेबाराला सगळे वर जेवायला जातात. लॅबची सहा माणसं मागच्या खोलीत डबे उघडतात, दोघी पाळीपाळीने वॉर्डाचे नमुने बघतात. सासूबाईंची हाक आली की हातातलं खाली ठेवायचं. मीही ठेवलं. जेवून, भांडी आवरून, दोन वाजता खाली आले. रिपोर्ट पुन्हा अडकून नुकतेच सुटले होते. डिस्क: सात मिलिसेकंद.

मंगळवारी मी व्हायरस शोधणारा प्रोग्राम बंद करून पाहिला, माझी खात्रीच होती. साडेबाराला हाक. दोनला परत. रिपोर्ट पावणेदोन तासांनी. सात मिलिसेकंद.

सासूबाई जिन्याच्या कठड्यावरून म्हणाल्या, "डॉक्टर आला की ताप उतरतो, तसला रोगी दिसतोय. मी असे पुष्कळ पाहिलेत. त्यांना औषध देऊ नये, ताप येईपर्यंत उशाशी बसून राहावं."

त्या स्वतः डॉक्टर. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण अजून जिन्यावरून निदान करतात.

उशाशी बसले नव्हते तरी त्या दिवशी मी एक करून ठेवलं होतं. दर पाच मिनिटांनी डिस्कला उत्तर द्यायला किती वेळ लागतो, त्याची नोंद आपोआप होत होती. संध्याकाळी ती उघडली.

१२.२५ — ७
१२.३० — ४१०
१२.३५ — ८६०
१२.४५ — ९४०

आणि पुढे तसंच, तसंच, तसंच.

१.५० — ३८०
१.५५ — ८

ताप होता. आम्ही सगळे वर जेवत असताना यायचा, आणि आम्ही हात धुवून खाली येईपर्यंत उतरायचा.

*

बुधवारी मी जेवायला जाणार नाही म्हणाले.

"आईला काय सांगू?" धाकट्याचा चेहरा पडला.

"सांग, पोट बिघडलंय."

"वहिनी, ती डॉक्टर आहे. औषध घेऊन खाली येईल."

"मग सांग, काम आहे."

"ते कारण या घरात चालत नाही, तुला माहितीये."

तो गेला. ताई गेली नाही. हातमोजे चढवून नमुन्यांपाशी उभी राहिली, पण एक डोळा माझ्या पडद्यावर.

साडेबारा.

आकडा उडाला. सात, नव्वद, चारशे. मेंदू, म्हणजे प्रोसेसर, रिकामा बसलेला. डिस्कपुढे मात्र मागण्यांची रांग. मी रांगेत कोण कोण उभं आहे ते पाहिलं.

"ताई, ही रोजची प्रत, बॅकअप, कोणी लावलीय? साडेबाराला सुरू होते, सगळे रिपोर्ट पहिल्यापासून वाचते."

हातमोजे थांबले. "मी."

"कधी?"

"जुना संगणक जळाला ना, तेव्हापासून."

ती गोष्ट मला ठाऊक होती. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी लॅबचा जुना संगणक एका रात्रीत जळाला, आणि दीड महिन्याचे रिपोर्ट गेले. रात्री मेन स्विच बंद करायचा नियम तेव्हाचाच.

"माझ्या खणात एक डिस्क आहे, तिच्यावर उतरते," ताई म्हणाली. "रात्री वीज बंद असते. दिवसा सगळे कामात. साडेबाराला कोणी नसतं, म्हणून साडेबारा."

"बरोबर आहे. आणि ही दुसरी?"

"कुठली दुसरी?"

दुसरी इंटरनेटवरून बाहेर कुठेतरी भाड्याच्या जागेवर जात होती. मालक: धाकटा. ताईने जिन्यात जाऊन त्याच्या नावाने अशी हाक मारली की तो हातात घास घेऊन खाली आला.

"तू प्रत ठेवतोस?"

त्याने घास गिळला. "ताई, तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. पण तू कामात असतेस. विसरलीस तर? सगळे वर असतात तेव्हा, साडेबाराला…"

"मला सांगायचंस तरी."

"तू मला सांगितलंस?"

पडद्यावर नऊशे. पलीकडे नमुन्यांपाशी उभी असलेली तंत्रज्ञ म्हणाली, "मॅडम, चौथ्या बाळाचा आकडा अडकला."

"आणि तिसरी," मी म्हणाले, "घराच्या वायरवरून वरच्या मजल्यावर जातेय."

जिन्यावर चपला वाजल्या. सासूबाई खरंच औषधाची बाटली घेऊन येत होत्या. आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघून त्यांनी बाटली टेबलावर ठेवली.

"आई, तुमच्या कपाटात काही आहे का?"

"माझ्या कपाटात पुष्कळ आहे."

"लॅबची प्रत."

त्या जराही अवघडल्या नाहीत. "आहे. जुने दुरुस्तीवाले काका लावून गेलेत. निवृत्त झाले म्हणून काय डोळे मिटून बसू? मुलं हुशार आहेत माझी. पण हुशार माणसंच विसरतात." मग थोडं थांबून, "त्यांना म्हटलं, जेवणाच्या वेळेला लावा. तेव्हा सगळे माझ्यासमोर असतात, खाली कोणी काही बिघडवत नाही."

डिस्कच्या आत एक तबकडी फिरत असते, आणि तिच्यावर एकच हात. एकाने पान मागितलं तर हात भराभर एकापुढचं एक पान काढून देतो. तिघांनी तीन वेगळ्या ठिकाणची पानं मागितली की तो नुसता धावतो, हातात काही येत नाही. पूर्वी हे दहा मिनिटांत उरकायचं, आणि आम्ही जेवत असायचो, म्हणून कळलं नाही. आता रिपोर्टांबरोबर स्लाइडचे फोटो साठू लागले. दहाची ऐंशी मिनिटं झाली. त्यात बाराचे नमुने येऊन पडले.

हे सगळं मी त्यांना समजावलं. ताईने मान हलवली, धाकटा खाली बघत होता, सासूबाई म्हणाल्या, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"तीन," धाकटा म्हणाला.

पडद्यावर चार होत्या.

चौथीच्या मालकाचं नाव होतं 'देखभाल'. ते कोणालाच कळलं नसतं. एक कळ दाबली असती आणि ती गेली असती, आणि मी या घराची लॅब वाचवणारी सून झाले असते, वर तिघांना थोडं हसून घ्यायचीही सोय होती.

लग्नाला महिना झाला होता तेव्हा मी ताईला विचारलं होतं, रिपोर्टांची प्रत ठेवता का? ती म्हणाली होती, "ते आमचं आम्ही बघतो." त्यातलं 'आमचं' मला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या खुर्चीत बसून मी एक प्रत लावून दिली, वर माझ्या संगणकावर. साडेबाराला, कारण साडेबाराला कोणी नसतं. मग विसरून गेले. जगभराचे सर्व्हर तपासत फिरले, काखेत कळसा ठेवून.

"चार," मी म्हणाले. "चौथी माझी आहे."

नळ ठिबकत होता. मी सगळं सांगितलं, 'आमचं' सुद्धा.

ताईने हातमोजे काढले, एकेक बोट ओढत. "म्हणजे माझ्या खुर्चीत बसून."

"हो."

"मी जेवत असताना."

"हो."

ती हसायला लागली. ताईला हसताना मी क्वचित पाहिलंय. तिला ते नीट जमत नाही, खोकल्यासारखं येतं. "आई," ती म्हणाली, "तुझ्या घरात शोभतेय ही."

"आधी ते बंद करा," सासूबाई म्हणाल्या. "पोरांची रक्तं अडकलीत."

मी चारही थांबवल्या. नऊशे, दोनशे, सात. पलीकडून तंत्रज्ञ म्हणाली, "आला. चौथा आला. पाचवाही आला." पेपर सरकल्याचा आवाज आला आणि धाकटा तसाच खरकट्या हाताने छपाई यंत्राकडे धावला, मग परत येऊन हात धुतला.

*

प्रती कोणीच सोडल्या नाहीत. तसं मी सुचवूनही पाहिलं नाही. आता संध्याकाळी सातला एकच प्रत निघते, तीही फक्त त्या दिवशी जे नवं आलं त्याची. नऊ मिनिटं लागतात. बाकीच्या तीन प्रती त्या पहिल्या प्रतीवरून घेतल्या जातात, एकीमागून एक. मूळ डिस्कला कोणी हात लावत नाही. पहिली कोणाची यावरून ताई आणि धाकटा बराच वेळ भांडले.

"माझी शेवटी ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतरी स्विच मलाच खाली करायचा असतो. पेटीवरचा दिवा विझलेला बघूनच करीन."

गुरुवारी नऊ नमुने आले. साडेबाराला डिस्क आठ मिलिसेकंदांवर होती, बारा चाळीसला सातवर. शेवटचा रिपोर्ट बारा अठ्ठेचाळीसला वॉर्डात पोचला. एक वाजता फोन आला. ताईने तो स्पीकरवर टाकला.

"आज इतक्या लवकर?" हेड सिस्टर म्हणाल्या. "नमुने तपासलेत ना, का नुसतेच आकडे लिहिलेत?"

"तपासलेत."

"बरं. सोमवारपासूनही तुमच्याकडेच पाठवते मग, नेहमीसारखे."

फोन ठेवून ताई स्टुलावर बसली. धाकट्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिने तो झटकला नाही. वरून हाक आली, दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने. आम्ही तिघंही वर गेलो. नवरा दारातच नाक मुरडून उभा होता. सासूबाईंनी वाढलं. ताईने दोनदा मागून घेतलं, आणि जेवताना कोणीही खालचा विषय काढला नाही.

त्याच गुरुवारी सकाळी पावणेनऊला ताईने शहरातल्या दुसऱ्या लॅबला फोन करून विचारलं होतं, आमची लॅब बंद पडली तर आमच्या सहा माणसांना तुमच्याकडे जागा होईल का.