उजवीकडची खुंटी

"बाबांच्या नजरेचं काहीतरी बिनसलंय गं. व्हिडिओ कॉलवर भलतीकडेच बघत असतात. जरा जाऊन बघशील?" रेणूनं मिनेसोटातल्या ईडन प्रेरीहून विचारलं, तेव्हा आश्लेषानं ते हसण्यावारी नेलं. आमच्याकडे तर सगळे नुसतं कपाळच दाखवतात, म्हणाली.

आश्लेषाला धास्ती होती ती रेणूच्या बाबांच्या, म्हणजे शेजारी एकट्या राहणाऱ्या मनोहरकाकांच्या गॅरेजमधल्या टॉमीगनची, एका जुन्या मशीनगनची. काकांचे वडील महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले होते. पिवळ्या पडलेल्या एका फोटोत त्यांच्या हातात तशी गन होती. काकांनी तसलीच एक गंजकी मिळवली होती, आतून वेल्डिंग करून कायमची बुजवलेली. फोटोबरहुकूम ती उजळवणं हा त्यांचा रिटायरमेंटचा उद्योग. "हिनं फार तर झुरळ मरेल, तेही वरून आपटली तर," असं ते म्हणायचे. तरी आश्लेषा तीन वर्षांच्या लेकीला, आरोहीला, तिकडे फिरकू देत नसे. हळूहळू तिचंही जाणं सुटलं.

रेणूचा पुन्हा फोन आला म्हणून बाहेर निघताना ती एकदा डोकावली, आरोहीला कारमध्येच बसवून. काकांनी फोटो आणि भिंग पुढे केलं. गनची मागे ओढायची खुंटी वरच्या बाजूला असेल तर गन जुन्या बनावटीची, उजव्या अंगाला असेल तर नंतरची. "मला कुठेच दिसेना. तुझे डोळे तरुण, बघ बरं."

"आरोही कारमध्ये आहे काका. नंतर बघते." ती निघालीच होती.

टेबलावर आडव्या ठेवलेल्या गनचा डावीकडचा लाकडी दस्ता आरशासारखा चकाकत होता. उजवीकडे नळीवर गंज जसाच्या तसा. "पॉलिश झालं एकदाचं," काका खुशीत म्हणाले. कंटाळले वाटतं, तिच्या मनात आलं, आणि बरंच वाटलं. आता हे खूळ संपेल.

"छान झालंय," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात काकांना मोठा स्ट्रोक आला. आधी एक छोटा येऊन गेला होता, डॉक्टर म्हणाले. त्यातच उजवीकडचं दिसणं गेलं होतं, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. वेळेत आणलं असतं तर कदाचित हा दुसरा टळला असता.

आता काकांची वाचा गेलीय. मध्यंतरी आश्लेषा रिहॅब सेंटरमध्ये तो फोटो घेऊन गेली. भिंगाचीही गरज पडली नाही.

"काका, खुंटी उजव्या अंगाला आहे."

काका डावीकडच्या खिडकीकडे बघत राहिले.

हल्ली ती भेटेल त्याला सांगते, तुम्हालाही तेच सांगेल: शेजारी कुणी काका-काकू एकटे राहत असतील, तर फोनवर भागवू नका. आज जाऊन या. त्यांच्या उजवीकडेही बसून बघा.