तळातला नमदा

बुरुलचाला घरातल्या नमद्यांचा वीट आला होता, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. बर्फ वितळलं की एकदा आणि कुरणावरून गुरं खाली आली की एकदा, असे ते सगळे अंगणात काढून काठीने बडवावे लागत. दर टोल्याला ती काहीतरी पुटपुटायची आणि ते शेजारच्या सैराकुलच्या चुलीपर्यंत ऐकू जायचं.

तिचंही काही खोटं नव्हतं. नवरा कादिर रशियात बांधकामावर होता, दोन वर्षांतून एकदा यायचा. घरी दोन लहान मुलं, दोन गायी, बटाट्याचा तुकडा आणि सासू. पाणी ओढ्यावरून आणायचं. त्यात पेटीवर ही चळत. लोकर मळून, थापून केलेले जाड नमदे, त्यांवर मेंढ्याच्या शिंगांची नक्षी कापून शिवलेली. आम्ही त्यांना शिरदाक म्हणतो. ओला झाला तर एक शिरदाक दोन बायकांना उचलत नाही. कोरडा असला तरी कंबर मोडतोच.

त्या शरदात सासू, उमसुन, बहिणीच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला पलीकडच्या खोऱ्यात गेली होती. बुरुलचाने एकटीने नमदे बाहेर काढले आणि भिंतीला टेकून बसली. काठी हातात घ्यायचंही तिच्या जिवावर आलं होतं. तेवढ्यात मामीरची गाडी दाराशी थांबली. मामीर घाटापलीकडच्या कोचकोर गावचा, गावोगाव फिरून जुने नमदे घ्यायचा आणि बदल्यात कारखान्यातले गालिचे द्यायचा.

"वहिनी, हे शिरदाक द्यायचेत का?"

"का, तुला बडवायचेत?"

"बडवतो कशाला, घेऊन जातो की!" त्याने गाडीचं मागचं दार उघडलं. आत गुंडाळ्याच गुंडाळ्या. त्याने एक लालभडक गालिचा काढून अंगणात उलगडला. "हात लावून बघा. चहा सांडला, पुसला, संपलं. कसर लागत नाही. वजन तर बघा, तुमचं शेंबडं पोरही उचलेल."

बुरुलचाने एका हाताने उचलून पाहिला. खरंच हलका होता.

"एकाला एक देतोस?"

"एकाला एक दिला तर माझी बायको मला घरात घेईल का? सगळे द्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत खोली भरून देतो."

"सासूबाई घरी नाहीत."

"मग तर फारच बरं झालं!"

मामीर हसला. बुरुलचाही हसली. ते हसू ओसरायच्या आत तिने हो म्हणून टाकलं होतं.

सगळ्यात शेवटी तळातला नमदा राहिला. पांढरा आणि तपकिरी. अर्ध्या भागात वरचा थर खालच्या थराला नीट टाचलेला, उरलेल्या अर्ध्यात दोन्ही थर सुटे, लोंबणारे.

"हा अर्धवटच आहे की," मामीर म्हणाला.

"असेल. मी या घरात आले तेव्हापासून तळाशीच आहे."

"टाका तोही. दाराशी घालायला एक पट्टा देतो वर."

उमसुन परत आली तेव्हा खोली लालेलाल झाली होती. आळीतल्या कुणीतरी तिला वाटेतच सांगितलेलं असणार, कारण ती दारात चमकली नाही. तिने बूट काढले, गालिच्यावरून चार पावलं चालली, पायाची बोटं रुतवून पाहिली आणि खाली बसली.

"चहा कर."

बुरुलचाने चहा केला, नान फोडून पुढे ठेवली. मुलांना तिने आधीच सैराकुलकडे पाठवलं होतं. शिव्या खायच्याच आहेत तर पोरांदेखत नकोत, एवढाच तिचा विचार.

"सगळे दिलेस?"

"हो, अपा."

उमसुनने वाटी दोन्ही हातांत धरली आणि बराच वेळ फुंकत राहिली. मग म्हणाली, "सुटलो."

बुरुलचाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तो मोठा लाल होता ना, तो माझ्या सासूचा. टाका वाकडा पडला की दाभणाचं मागचं टोक बोटांवर मारायची. ती मेली त्या दिवशी वाटलं, चला, आता हा कुणालातरी देऊन टाकू. पण पाहुणे काय म्हणतील! मग बडवत बसले जन्मभर." तिने नानचा तुकडा चहात बुडवला. "आणि ते निळे दोन माझ्या जावेने दिलेले. तिच्या तोंडासारखेच होते ते, बघवत नसत."

बुरुलचा हसायला लागली. हसता हसता तिला रडूही येऊ लागलं. इतके दिवस ती या बाईला भीत होती ती कशासाठी, हेच तिला कळेना.

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी तर रोज बोलत होते. सैराकुलला विचारा."

"ते काठीशी बोलणं, पोरी. माझ्याशी नाही."

दोघींनी आणखी एकेक वाटी चहा घेतला. मग उमसुन शाल ठेवायला पेटीपाशी गेली. पेटीवर आता फक्त दुलया होत्या. तिने एक दुलई उचलली, मग दुसरी. मग सगळ्या उचलून खाली ठेवल्या आणि मोकळ्या पेटीवर हात टेकून उभी राहिली.

"तळातला?"

"तोही दिला. अर्धवट होता म्हणून..."

उमसुन बादली घेऊन धार काढायला गेली, आणि दूध काढून झालं तरी गोठ्यातच बसून राहिली. बुरुलचा दोनदा दारापर्यंत जाऊन आली. आत जाऊन विचारायची तिची छाती झाली नाही.

सकाळी पीठ मळताना उमसुन आपणहून म्हणाली, "तो नुरीलाचा होता."

नुरीला म्हणजे कादिरची बहीण. बुरुलचा लग्न होऊन येण्याआधीच ती गेली होती. लग्न ठरलं होतं तिचं. ऐन हिवाळ्यात पोटात दुखायला लागलं, रस्ता बर्फाने बंद, आणि रस्ता मोकळा होईपर्यंत उशीर झाला. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. एक फोटो होता, तोही पेटीत. तिच्या हुंड्यासाठी मायलेकी शिरदाक शिवत होत्या, हे बुरुलचाला कोण सांगणार?

"मी आणते जाऊन," बुरुलचा म्हणाली.

"कुठून आणतेस? घाट ओलांडून कोण जाणार? गायी कोण बघणार? राहू दे. माझ्याच्यानं आता कशाच्या मागे धावणं होत नाही."

"तुम्ही नका धावू. मी जाते."

"राहू दे म्हटलं ना."

पण दुसऱ्या दिवशी बुरुलचा निघाली तेव्हा उमसुन पांढरा रुमाल बांधून अंगणात उभी होती. काखेत दाराशी घालायचा तो पट्टा, घट्ट गुंडाळलेला. "रिकाम्या हाताने मागायचं नसतं," एवढंच म्हणाली. मुलं आणि गायी सैराकुलच्या गळ्यात पडल्या. सैराकुलने कपाळावर हात मारला, पण बादली घेतली.

नारीन शहरातल्या गाड्यांच्या अड्ड्यावर कोचकोरची गाडी भरेपर्यंत दोघी थंडीत उभ्या राहिल्या. गाडीत मागे एका म्हाताऱ्याच्या मांडीवर बांधलेलं कोकरू होतं, ते दर वळणाला ओरडायचं. दोलोनच्या घाटात ड्रायव्हर उतरून चाकांकडे बघत उभा राहिला आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले. कोचकोरला पोचेपर्यंत उमसुनचे पाय सुजले होते.

मामीर बाजाराच्या तोंडाशीच भेटला. बुरुलचाला बघताच त्याने दोन्ही हात वर केले.

"बघा वहिनी, दिलेलं परत घ्यायचं नाही, आपलं ठरलंय."

"सगळे नकोत. तो अर्धवट होता, तेवढाच."

"तो? तो कशाला हवाय तुम्हाला?"

बुरुलचाने नुसतं सासूकडे पाहिलं. मामीरनेही पाहिलं. मग त्याने डोक्यावरची टोपी मागे सारली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तो माझ्या बहिणीकडे गेला. असिलकानकडे. शाळेमागचं निळं फाटक. पण वहिनी, लवकर जा."

असिलकानच्या खोलीत दोन बायका शिलाई यंत्रांवर होत्या आणि ती स्वतः मधोमध मोठी कात्री घेऊन बसली होती. बोटांना पट्ट्या बांधलेल्या. भिंतीशी सपातांचे जोड दोरीने बांधून रचले होते. कोचकोरला येणारे परदेशी पाहुणे जुन्या नमद्यांच्या सपाता हौसेने नेतात, आम्ही ऐकून होतो. बुरुलचाने वरच्या जोडावर पांढऱ्यात वळलेलं तपकिरी शिंग पाहिलं आणि ती दारातच थांबली.

उमसुन मात्र आत गेली. तिने एक सपात उचलली, उलटी केली, सुलटी केली.

"हा माझा नमदा आहे, पोरी."

असिलकानने कात्री खाली ठेवली. काय झालंय ते बुरुलचाने दोन वाक्यांत सांगितलं. असिलकान उठली, बसली, पुन्हा उठली.

"अपा, मला काय माहीत? माझ्याकडे गठ्ठे येतात. मी कापते. कुणाचा, कशाचा, काही कळत नाही. कळून घ्यायला वेळ कुठे आहे?"

"तुला कोण बोललंय? किती उरलाय?"

असिलकानने कोपऱ्यातून घडी आणली. सुट्या थरांचा भाग कापायला सोपा, म्हणून तिने आधी तोच संपवला होता. उरला होता तो टाचलेला अर्धा. उमसुनने तो जमिनीवर पसरला आणि गुडघे धरत धरत शेजारी बसली. एका कडेने टाके बारीक, सरळ रेषेत. दुसऱ्या कडेने लांब लांब, कुठेही वळलेले.

"ही बारीक टाक्यांची कड तुमची," बुरुलचा हळूच म्हणाली.

"नाही. ही माझी. या लांब टाक्यांची. नुरीलाचा हात बारीक होता. मला रोज म्हणायची, 'आई, तू शिवतेस की कुंपण घालतेस?'"

यंत्रावरच्या दोघींपैकी एक खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवून गप्प झाली. उमसुनही हसली, पण तिचा हात त्या बारीक टाक्यांवरच होता. हलत नव्हता.

"शिवायचा राहिला होता तेवढा भाग गेला," ती जराशाने म्हणाली. "वर्षानुवर्षं वाटायचं, पुरा करायला हवा. दर हिवाळ्यात ठरवायचे, की यंदा काढू. काढला की हात चालायचा नाही, पुन्हा तळाशी ठेवायचे. आता शिवायला उरलंच नाही काही."

असिलकान सपातांचे जोड सोडायला लागली. "हेही न्या, अपा. मागणी उद्याची आहे, बघेन मी काय करायचं ते."

"नको. तू तरी कुठून आणशील दुसरे? जाऊ देत. नुरीलाला गावाबाहेर जायचं होतंच, ओश शहरात जाऊन शिकायचं होतं. मीच लग्न ठरवलं." तिने नमदा जवळ ओढला. "हे अर्धं मात्र दे."

बुरुलचाने पट्टा पुढे केला. असिलकानने तो घेतला नाही. उलट बळंच दोघींना चहाला बसवलं, तुपात तळलेले पिठाचे गोळे, बोरसोक, पुढे ठेवले, आणि उमसुनची पावलं स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळत बसली. उमसुन नको नको म्हणाली, मग तिने डोळे मिटून घेतले.

परतीच्या गाडीत नमदा दोघींच्या मांडीवर होता. घाट चढायला लागल्यावर उमसुन बोलायला लागली. नुरीला लहानपणी घोडीवरून पडली होती ते. तिला मटणातली चरबी आवडायची नाही ते. कुरणावर तंबूत झोपताना ती तोंडावर दुलई घेऊन गाणी म्हणायची ते. इतकी वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते ती थांबत थांबत, रस्त्याकडे बघत सांगत होती. बुरुलचाला एकेक शब्द ऐकायचा होता. पण पहाटेपासूनची ती उभी होती. गाडी उबदार होती, मांडीवर नमद्याचं वजन होतं, आणि तिचे डोळे कधी मिटले ते तिलाही कळलं नाही.

जाग आली तेव्हा घाट संपला होता, खाली नारीनचे दिवे लागत होते. तिचं डोकं सासूच्या खांद्यावर होतं आणि सासू अजून बोलतच होती.

बुरुलचा दचकून सरळ झाली. "अपा, मी... पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय! नीज तू."

"नाही, सांगा ना. मी ऐकतेय."

"निजलीस म्हणून तर बोलता आलं, पोरी."

घरी आल्यावर सैराकुलने गायींची कागाळी केली, मुलांची त्याहून जास्त केली आणि चूल पेटवून देऊन ती निघून गेली. दोघींच्या अंगात त्राण नव्हतं. नमदा तसाच पेटीपाशी पडला.

त्या हिवाळ्यात उमसुनने त्याच्या कापलेल्या कडेला काळ्या लोकरीचा गोफ लावला. तिचे टाके तसेच लांब, कुंपणासारखे. बुरुलचाला तिने शिकवायचा प्रयत्न केला, पण बुरुलचाला शिवण आवडत नव्हतं आणि आता ते ती तोंडावर सांगायची. सासू शिवायची, सून शेजारी बटाटे सोलायची, आणि नुरीलाचा विषय निघायचा. कधी कधी मुलंही विचारायची, आत्या कशी होती म्हणून.

लाल गालिचा छान दिसायचा, पण मातीच्या जमिनीवर थंडगार पडायचा. पोरं कुडकुडायला लागली तेव्हा बुरुलचाने सासूला विचारलं, नमदा त्यांच्याखाली घालू का? उमसुनने मान डोलावली. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी त्यावर दूध सांडलं. बुरुलचा फडकं घेऊन धावली.

"राहू दे गं," उमसुन जागेवरूनच म्हणाली. "वाळेल."