आडवी शिडी

मित्रांनो, मी एक जुनी बांबूची शिडी आहे, अकरा पायऱ्यांची. बाकीच्या शिड्या उभ्या राहून नाव कमावतात. मी कमावलं ते आडवी पडून, आणि घालवलं ते उभी राहून.

मला बांधलं शिदूनं. डोंगरातल्या वाडीवरचा तो. नुसता ठोकून बांबूचं वय सांगायचा. मावळातल्या औंढे गावी सोपानआबांच्या माळ्याला त्यानं मला टेकवलं आणि म्हणाला, "सोपाना, चढलास की ही तुजी, उतरलास की उंदराची. म्हून उतरलास की पाड हिला."

आबांनी बदल्यात त्याला पायलीभर भाताचं बी दिलं. ते भात साधं नव्हतं. लाल कुसळांचं, शिजलं की ओढ्यापलीकडे वास जाई. गावात त्याला सोपानआबांचं भातच म्हणत. बाकी सगळे दुकानातून बी आणू लागले, तरी आजोबांपासूनचं हे बी आबांनी दरसाल पेरून जिवंत ठेवलं होतं. पेंढ्यात गुंडाळून, दोरीनं आवळून त्याचा गोल मुडा बांधायचा आणि माळ्यावर ठेवायचा. एकच मुडा. एक साल चुकलं की संपलं.

उंदीर तर प्रत्येक घरात असतात. काही घरं कबूल करत नाहीत, एवढंच. आबांनी माळ्याच्या खांबांना तेलाच्या डब्यांचे पत्रे मारले होते, भिंती घोटून गुळगुळीत केल्या होत्या. वर जायला वाट एकच उरली होती, ती म्हणजे मी. म्हणून आबा उतरले की मला ओटीवर आडवी करत. तीस वर्षांत कधी चुकले नाहीत. बायको वारली त्या दिवशीसुद्धा माळ्यावरून घोंगडी काढली, मला आडवी केली आणि मगच रडायला बसले.

गेल्या पौषात आबा बांधावरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. लेकीनं त्यांना परंदवडीला आपल्या घरी नेलं. गाडीत बसता बसता त्यांनी सुनेला सांगितलं, "हर्षदा, शिडी आडवी ठिव गं."

हर्षदा वाईट नाही, मित्रांनो. कामाची पोर. तिनं आणि सुहासनं, म्हणजे आबांच्या लेकानं, पुढच्या दोन खोल्या लोणावळ्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी सजवायला घेतल्या. एका पाहुणीची नजर माझ्यावर पडली. "अय्या, किती क्यूट शिडी! उभी करा ना!" झालं. मला वार्निश लागलं, पायऱ्यांवर मनीप्लांटच्या कुंड्या चढल्या आणि पडू नये म्हणून मला माळ्याच्या तुळईला तारेनं बांधून टाकलं.

तीस वर्षांत मला कुणी छान म्हटलं नव्हतं. त्या चार महिन्यांत मी मोजून ठेवलं: दोनशे सहा फोटो. उंदीर एकाही फोटोत नाही. पाहुणे उठायच्या आत ते बिचारे वर जाऊन येत.

परंदवडीहून रोज फोन येई. "शिडी आडवी हाय ना गं?"

"हो आबा. तुम्ही पायाकडे बघा."

सुहास हसे. "आबांना माझ्यापेक्षा शिडीची काळजी!" हर्षदा वर नजर टाकी. मुडा जागच्या जागी, गोल गरगरीत. मग तिला खोटं बोलल्यासारखंही वाटत नसे.

मला वाचा असती तर मी ओरडले असते, असं सांगायला बरं वाटेल. पण खरं सांगते, मी गप्पच बसले असते. फोटो निघत होते ना.

पेरणीच्या तोंडावर, रोहिणी नक्षत्र लागायच्या आधी आबा काठी टेकत परतले. ओटीवरच थबकले.

"किती दिस उभी हाय ही?"

हर्षदा घाईघाईनं कुंड्या उचलू लागली. "संक्रांतीपासनं, आबा."

"सुहास, मुडा काढ."

सुहास चढला आणि मुडा घेऊन उतरला. एका हातात. जो मुडा दोघांनी मिळून चढवायचा, तो एका हातात बघितला आणि आबा होते तिथंच खाली बसले.

दोरी सोडली. पेंढ्याच्या आत तूस आणि लेंड्या. तळाशी ओंजळभर दाणे.

"दाणे आहेत की, आबा!" सुहास म्हणाला.

आबांनी एक दाणा उचलून डोळ्यांजवळ धरला. "दाणं हाईत. डोळं न्हाईत." दाण्याला जिथून कोंब फुटतो, तो डोळा उंदीर आधी खातो.

ज्यांना ज्यांना आबांनी बी दिलं होतं, त्यांच्याकडे सुहास दोन दिवस मोटारसायकलवर फिरला. पार कार्ल्यापर्यंत. भाताचा वास सगळ्यांना आठवत होता. बी कुणाकडेच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, बी शोधताहेत हे ऐकून, शिदूची लेक बाया स्वतःच वाडीवरून आली. बापानं बांधलेली माझी खालची पायरी धरून उकिडवी बसली.

"आबा, तुमी बाला दिल्यालं बी आमी लय वरसं पेरलं. पर बा गेला त्या साली खाल्लं. घरात दुसरं काय न्हवतं."

"खाल्लंस ना? बरं केलंस, बाये. भात खायालाच असतं. आमच्या भाताचा नुसता फोटो निघाला."

हर्षदा पदर तोंडाला लावून आत गेली. संध्याकाळी तिनं पक्कड आणली, तार तोडली आणि मला आडवी केली.

मित्रांनो, राखण देखणी नसते. घरातली एखादी वस्तू कोपऱ्यात पडलेली दिसली, तर ती उचलून मिरवण्याआधी एवढंच विचारा, की ती तिथं कुणी आणि कशासाठी ठेवली.

आमच्या माळ्यावर आता मुडा नाही. आबांना चढताही येत नाही. तरी रोज दिवेलागणीला ते आतून विचारतात, "शिडी आडवी हाय ना गं?"

हर्षदा हातातलं काम टाकून ओटीवर येते, मला हात लावून बघते, आणि मगच म्हणते, "हो, आबा."